आतल्या बाजूची खूण

"स्क्रू फरशीवर ठेवू नकोस. वाटीत टाक," आप्पा म्हणाले, आणि स्टीलची वाटी त्यांनी स्वतःच पुढं सरकवली.

सन्मतीनं स्क्रू वाटीत टाकले. आमच्या सोप्यात, दारालगतच्या खोलीत, माझा कॉम्प्युटर आडवा पडला होता, एका बाजूचं झाकण काढलेलं. आप्पांनी खुर्ची बरोबर अशा जागी ओढली होती की सन्मतीचे दोन्ही हातही दिसावेत आणि कॅबिनेटच्या आतलंही. हातात बॅटरी. वर ट्यूब चालू असताना बॅटरी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, ट्यूबचा उजेड कोपऱ्यात जात नाही. माझं डोकंच फिरलं. घरी बोलावलेल्या माणसाच्या हातावर कुणी बॅटरी मारतं का?

पण आप्पांना कोण सांगणार. इचलकरंजीबाहेरच्या एका सूतगिरणीत त्यांनी उभी हयात सिक्युरिटीत काढली होती. पाळी सुटली की गेटवर उभं राहायचं, कामगारांच्या पिशव्या बघायच्या, डबे उघडायला लावायचे. सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, चोरीला जायच्या, म्हणून काही कोनांना आप्पा आतल्या बाजूनं, जिथं कुणाची नजर जात नाही अशा ठिकाणी, रंगाचा ठिपका देऊन ठेवायचे. त्यावरून चोर पकडायचे. रिटायर झाले तरी ती खोड गेली नाही. मिक्सर दुरुस्तीला दिला की बुडाला आतून खूण, सायकल पंक्चरला दिली की ट्यूबवर खूण. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. आई म्हणायची, माझ्यावर खूण केली नाही हेच नशीब.

सन्मती मगदूम माझा जोडीदार. खेळातला, हे आधीच सांगते, कारण आप्पांना तोही संशय होता. कॉम्प्युटरवरचा बंदुकीचा खेळ, दोघादोघांच्या जोड्या. गावातल्या एका कॅफेत स्पर्धा झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला हा आला. बोलणं कमी, पण मी भिंतीमागून बाहेर पडायच्या आधी हा पुढचा कोपरा सांभाळून बसलेला असायचा. तेव्हापासून आम्ही एकत्रच खेळत होतो. आता पुण्याच्या एका संघाला नवी जोडी घ्यायची होती. रविवारी दुपारी चाचणी, आपापल्या घरून, ऑनलाइन. निवड झाली तर पुण्यात राहून खेळायचं, वर पगारही. नाही झाली तर मी गुपचूप बी.एड.ला जायचं, असं आप्पांनी बजावलं होतं. एकदाच संधी देणार, पुन्हा हा विषय घरात नको.

अडचण होती माझ्या मशीनची. ते घेतलं होतं टायपिंगसाठी. समोरचा दिसला आणि मी गोळी झाडली की चित्र जाग्यावर थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं तोवर मी मेलेली असायचे. सन्मती एकदा घरी येऊन सगळं बघून गेला. त्याचा सल्ला सरळ होता. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको, दिव्यांनी खेळ पळत नाही. आधी पॉवर सप्लाय बदल, कारण जुन्यावर नवं ग्राफिक्स कार्ड चढवलंस तर दोन्ही गमावशील. आणि कार्ड मधल्या दर्जाचं घे. तुझा प्रोसेसर जुना आहे, एक बैल तगडा आणि एक म्हातारा असला की गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं जाते. मग त्यानं टेप लावून कॅबिनेट आतून मोजलं, कार्ड लांबीला बसायला हवं म्हणून.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर कोल्हापूरच्या एका दुकानाला परस्पर फोन लावला. दुकानदारानं सगळ्यात मोठं कार्ड घ्या म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता आप्पांना सन्मतीचा सल्ला पटेल, तो खर्च वाचवतोय म्हणून. कशाचं काय.

"दुकानदार मोठं घ्या म्हणतोय, त्यात त्याचा फायदा दिसतोय," आप्पा म्हणाले. "हा लहान घे म्हणतोय. ह्याचा फायदा कशात आहे?"

फायदा नसतोही कुणाकुणाचा, असं मी म्हटलं. त्यावर ते नुसते हसले. त्यांच्या त्या हसण्याचा मला लहानपणापासून राग यायचा.

खरी गोम वेगळीच होती. सन्मती पहिल्यांदा आला तेव्हा चहा पिता पिता आप्पांनी विचारलं होतं, तू कुणाचा. तो म्हणाला, महावीर मगदूमांचा, तुमच्याच गिरणीत सूत कातायला, रिंग फ्रेमला होते. आप्पांनी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. तो गेल्यावर म्हणाले, "ह्याच्या बापाला मी गेटवर धरला होता." एवढंच. आईनं आणि मी एकमेकींकडं बघितलं. आप्पांना पुढचं विचारायची सोय नव्हती, आणि आम्ही दोघींनी जे समजायचं ते समजून घेतलं.

तरी मी कार्ड मागवलं. ते आलं तेव्हा मी शिकवणीला गेले होते. घरी येऊन बघते तर खोक्याचं सील ब्लेडनं कापलेलं आणि आप्पा पेपर वाचत बसलेले. तपासून घ्यायला नको का, म्हणाले. मी चिडून विचारलं की तुम्हाला त्यातलं काय कळतंय, तर पेपरच्या मागून उत्तर आलं, माल कळायला लागत नाही, माणूस कळायला लागतो. त्याच दिवशी माझी मोरपंखी नेलपॉलिशची बाटली जागेवर सापडेना. आईनं उचलली असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

तर त्या संध्याकाळी वाटीत स्क्रू जमा होत होते आणि आप्पा बॅटरी मारत होते. सन्मतीनं पॉवर सप्लाय बदलला, वायरी लावल्या, कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवलं. कट्ट असा आवाज आला, तो मीही ऐकला. बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचेही फिरले. पडदा मात्र काळाकुट्ट.

त्यानं पुन्हा सगळं तपासलं. मॉनिटरची वायर बदलली, रॅम काढून लावली. काही नाही. मग कार्ड बाहेर काढलं आणि ट्यूबखाली धरून त्याची खालची कड, स्लॉटमध्ये जाते ती सोनेरी दातांची कड, निरखून बघितली. बराच वेळ बघितली. एकदा आप्पांकडं बघितलं. मग कार्ड ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं होतं तिच्यात परत घातलं.

"काका, मी हे घरी नेऊन माझ्या मशीनवर लावून बघतो," तो म्हणाला. "उद्या आणतो."

मला वाटलं, आता आप्पा घर डोक्यावर घेणार. नवंकोरं कार्ड मगदूमाच्या घरी जाणार म्हणजे काय. पण आप्पा चक्क म्हणाले, "ने की. खुशाल ने." आणि तसलंच हसले.

मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या माणसानं दूधवाल्यावर आयुष्यात विश्वास टाकला नाही, तो एवढा उदार कसा झाला? मी आईजवळ बोलले. आई म्हणाली, तुझ्यासाठी गप्प बसले असतील. मला ते पटलं नाही, पण रविवार तोंडावर आला होता आणि मला मशीन चालू व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सन्मती आला, कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. काय सांगू. ज्या गल्लीत मी शंभरदा मेले होते ती गल्ली मी पहिल्यांदा नीट बघितली. धूर दिसला, भिंतीवरचे पोपडे दिसले, पळणाऱ्या माणसाचे पाय दिसले. आम्ही दोन सामने खेळलो, तो त्याच्या लॅपटॉपवर, मी माझ्यावर, आणि दोन्ही जिंकलो. तो जैन, म्हणून आईनं त्याच्यासाठी कांदा न घालता पोहे केले होते, ते तसेच गार झाले.

पोहे खाताना मी विचारलं, काल काय झालं होतं? "नीट बसलं नव्हतं," तो ताटलीत बघत म्हणाला.

आता हे मला खटकलं. कट्ट आवाज मी स्वतः ऐकला होता. आणि दुसऱ्याची खुर्ची हलती दिसली तर तिचा स्क्रू आवळणारा हा माणूस कार्ड अर्धवट बसवेल? शिवाय नीट बसलं नव्हतं तर घरी न्यायचं कारण काय? आप्पांची लेक आहे मी शेवटी. पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तो गेला आणि आप्पा उठले. त्यांनी मशीन बंद करायला लावलं, वाटी मागितली, आणि माझ्याकडून कार्ड काढून घेतलं. बॅटरी लावून त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. उलटवून बघितली. मग कार्ड टेबलावर ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हे आपलं कार्ड नव्हे."

मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, उद्या येऊ दे त्याला, त्याच्यासमोर सांगतो.

शुक्रवारी सन्मती सरावाला आला तो दारातच थबकला. कार्ड टेबलावर, आप्पा खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आणि मी मध्ये.

"आमचं कार्ड कुठं आहे?" आप्पांनी विचारलं.

"हेच की, काका."

"हे नव्हे. आमच्या कार्डाला मी खूण केली होती. ह्याला खूण नाही." आप्पांनी कार्ड पुढं सरकवलं. मग म्हणाले, "बापाचं बघूनच पोरगं शिकतं."

सन्मतीचा चेहरा उतरला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटून घेतलं. मला त्याच्या त्या गप्प बसण्याचाच राग आला. मी विचारलं, "नीट बसलं नव्हतं असं खोटं का सांगितलंस? मी आवाज ऐकला होता. काय झालं होतं ते सांग ना सरळ."

"सांगून पटणार आहे का कुणाला इथं?" तो म्हणाला. चपला घालता घालता मागं न बघता बोलला, "रविवारी दुसरा जोडीदार बघ."

दुसरा जोडीदार कुठला आणायचा? चाचणीला जोडीची नावं जाऊन बसली होती. मी कॉटवर बसून रडले, रागानं रडले, आणि राग नक्की कुणाचा तेही कळेना. सन्मतीनं खरंच कार्ड बदललं असेल तर त्याच्याबरोबर खेळायचं कसं? आणि बदललं नसेल तर?

मग डोळे पुसले आणि आप्पांना विचारलं, खूण कुठं केली होती ती मला दाखवा. त्यांनी मोठ्या अभिमानानं बोट ठेवलं. सोनेरी दातांवर. "वर केली तर चोराला दिसते. हा भाग आत जातो, कुणी बघत नाही. तुझ्याच नेलपॉलिशनं केली."

मी कपाळावर हात मारला. "आप्पा, वीज तिथूनच जाते. त्या दातांवर पॉलिश लावल्यावर ते चालणार कसं?"

आप्पांनी दातांवरचं बोट काढून घेतलं. पण गेटवर आयुष्य काढलेला माणूस, एवढ्यात हटतोय कुठला. "मग बरोबरच आहे," ते म्हणाले. "आमचं चालत नव्हतं. त्यानं दुसरं आणलं, म्हणून चाललं."

आणि गंमत म्हणजे हे खोटं आहे असं मलाही म्हणता येईना. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटत होत्या. ठिपका पुसला असेल, नाहीतर कार्ड बदललं असेल. मी डोकं धरून बसले आणि तेव्हा मला खोका आठवला. प्रत्येक कार्डाचा स्वतःचा एक नंबर असतो, पाठीवर चिकटवलेला, आणि तोच खोक्यावर असतो. वस्तू हातात पडली की आधी तो पडताळून घे, हा सल्लाही मला सन्मतीनंच दिला होता.

खोका आप्पांनी माळ्यावर जपून ठेवला होता, पुरावा म्हणून. मी कार्डावरचा नंबर वाचायला लागले तर म्हणाले, तू नको, आई वाचेल. मग आईनं चष्मा लावून कार्डावरचा एकेक आकडा वाचला आणि आप्पा खोक्यावर बोट ठेवून ताडून बघत गेले. शेवटच्या अक्षराला बोट थांबलं. आप्पा म्हणाले, पुन्हा वाच. आईनं पुन्हा वाचला. मग त्यांनी कार्ड स्वतःच्या हातात घेतलं, खोका त्याच्या शेजारी धरला आणि ओठ हलवत दोन्ही वाचले.

तेच कार्ड होतं.

आप्पांनी बॅटरी बंद केली. आई आत गेली आणि उगाचच भांडी लावायला लागली. मला खूप काही बोलायचं होतं, तोंडाशी आलंही होतं, पण त्याऐवजी भलताच प्रश्न बाहेर पडला.

"आप्पा, सन्मतीच्या वडलांना गेटवर धरलं होतं ना तुम्ही? त्यांच्या पिशवीत काय सापडलं होतं?"

"डबा," आप्पा म्हणाले.

"आणि?"

"डबाच."

ते खोक्याचं झाकण लावत, उघडत बसले. मग खाली बघूनच सांगितलं. खुणेचा एक कोन कमी होता. मगदूम त्या दिवशी घाईघाईनं बाहेर पडत होता. सगळी पाळी बघत असताना त्याची पिशवी त्यांनी जमिनीवर ओतली, डब्यातला भातसुद्धा उपसून बघितला. कोन नंतर गोदामात सापडला, पोत्यांमागं पडलेला.

"मग सांगितलं का त्यांना, कोन सापडला म्हणून?"

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. सांगायचं राहून गेलं, असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, बस मागं, घर दाखव. मगदूमांचं घर यंत्रमागांच्या गल्लीत, सगळीकडं मागांचा खडखडाट. सन्मती दारात आला आणि आम्हाला बघून तिथंच थांबला. आत या म्हणाला नाही. म्हणायला तरी का पाहिजे होतं?

"ठिपका तू पुसलास," आप्पा म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"मग काल बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? खूण मी पुसली म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, बघा, कबूल झाला. आणि त्या पहिल्याच दिवशी तिथल्या तिथं दाखवला असता ठिपका, तर काकूंसमोर तुमचं काय राहिलं असतं? बाबांची पिशवी गेटवर ओतली ना तुम्ही, त्यानंतर बाबा रिटायर होईपर्यंत सगळ्यांच्या मागनं बाहेर पडायचे. गेट रिकामं झाल्यावर. आम्ही जेवायला वाट बघत बसायचो. तसं कुणाचं होऊ नये म्हणून घरी नेलं कार्ड. दुसरं काही नाही."

आप्पा उंबऱ्याकडं बघत उभे राहिले. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. आणि नेमके त्याच वेळी महावीर मगदूम बाजारातून आले. वाळकेसे गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. गल्लीच्या तोंडाला त्यांना आप्पा दिसले आणि ते आहे तिथंच उभे राहिले. मग जवळ आले, आणि त्यांनी पिशवीचे दोन्ही बंद सोडून तिचं तोंड आप्पांपुढं उघडं धरलं.

रागानं नव्हे. टोमणा म्हणूनही नव्हे. ते मी नीट बघितलंय, माझी खात्री आहे. हातांना सवय होती, एवढंच. सन्मतीनं तोंड फिरवलं.

आप्पांनी पिशवीत बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड मिटलं आणि ती तशीच मिटून धरून ठेवली, मगदूमांच्या हातांसकट.

"कोन गोदामात सापडला होता, मगदूम," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. मी सांगितलं नाही तुम्हाला. चुकलं माझं."

मगदूम म्हणाले, "मला माहीत होतं, साहेब. गोदामातल्या पोरांनी सांगितलं होतं." मग पिशवीकडं बघत म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली."

आमची निवड झाली. पुण्याला गेलो, तीन वर्षं खेळलो, आणि आज लोकांना मशीन जुळवून देणं हाच आम्हा दोघांचा धंदा आहे. पण त्या रविवारच्या खेळातलं मला आता फारसं आठवत नाही. आठवतं ते खेळाच्या आधीचं. सन्मती सकाळीच आला, कॅबिनेट आडवं केलं, वाटी जवळ ओढली. आप्पांची खुर्ची त्याच जागी होती. ते आले, त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली, आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर आमच्याकडं पाठ करून बसले.

"झालं की हाक मारा," म्हणाले.